साडेतीन इंच जागा

कोर्टात मी बोलत नाही.
बावीस वर्षं झाली, साक्षीदाराच्या खुर्चीपाशी
बोटं चालतात, ओठ नाहीत.
कुणी रडलं तर यंत्रावर त्यासाठी कळ नाही.
मी थांबते. ते नोंदीत येत नाही.

आज आर्विड टोलेफसन, वय एकाहत्तर.
थडग्यांचे दगड कोरतो. बाप कोरायचा, आजाही.
शपथेसाठी हात वर केला तेव्हा दिसली
नखांतली ग्रॅनाइटची भुकटी,
रविवारी चर्चमध्येही असते तशीच,
माझ्या पुढच्या बाकावर.

म्हणाला, नाव कोरलं. तारखा कोरल्या.
हवी तर मक्याची दोन कणसंही देतो कोरून, फुकट.
खाली साडेतीन इंच जागा सोडलीय,
पण तो एक शब्द माझ्या छिन्नीतून निघणार नाही.
कागदावरचं कागदावर राहतं.
दगडावर कोरलं, की ते मी देवासमोर बोललो.

खोटं बोलत नव्हता.
इतकी वर्षं ऐकून तेवढं कळतं मला.

पलीकडे मर्ल कुकेनबेकर,
कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी सैल झालेला.
ड्वेन मार्चमध्ये गेला.
एकेचाळीस वर्षं एक गोठा, एक बँकखातं,
आणि शेवटी शेवटी लग्नाचा एक दाखला,
याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, चार नंबरच्या खिडकीत काढलेला.
विल्मरला दुसरा कारागीर आहे, वकील म्हणाले,
चाळीस मैलांवर.
मर्ल म्हणाला,
आमचं दूध प्यायला यांना कधी
चाळीस मैल जावं लागलं नाही.

मग संविधान. पहिली दुरुस्ती. मिनेसोटाचा मानवी हक्क कायदा.
एक म्हणतो, पाटी सगळ्यांसाठी लावलीत तर दारही सगळ्यांसाठी.
दुसरा म्हणतो, शब्द म्हणजे खिळे-मोळे नव्हेत,
सरकार कुणाच्या हातून वाक्य वदवून घेऊ शकत नाही.
दोघांचंही मी त्याच वेगाने टिपलं.
कुणा जुन्या खानावळवाल्याची जबानी वाचून दाखवली:
काळे-गोरे एका टेबलावर, माझ्या देवाला चालत नाही.
आर्विडचे कान लाल झाले. ते वेगळं, म्हणाला.
कसं वेगळं?
भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.
नोंदीत: उत्तर नाही.

"पती" हा शब्द माझ्या यंत्रावर एका दाबात उमटतो.
त्याला अर्धा दिवस लागतो.

आजवर किती दगडांवर कोरलात तो शब्द?
मोजले नाहीत. शेकडो.
विचारलंत कुणाला, माणूस नवरा म्हणून कसा होता?
ते विचारणारा मी कोण.

ते विचारणारा मी कोण. पूर्णविराम.
बोटं थांबली नाहीत, याचं मला नंतर नवल वाटलं.

टेकडीवर तिसऱ्या रांगेत माझा बाप आहे.
"प्रेमळ पती", आर्विडचं सुबक अक्षर, देठासकट गुलाब.
आईने पैसे डाव्या हाताने मोजले होते,
उजवं मनगट तेव्हाही नीट वळत नव्हतं.
आर्विडने ते पाहिलं असणार.
पुढे तिचा दगड त्यानं फुकट करून दिला,
का, ते मी विचारलं नाही.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
आमच्याकडचा दगड करडा.
बर्फ वितळू लागलं की तोही काळा दिसतो.

निकाल राखून ठेवला आहे.
घरी जाताना गाडी त्याच्या आवाराशी सावकाश केली:
ड्वेनचा दगड ताडपत्रीखाली,
एक कोपरा सुटून फडफडत होता.
उतरून बांधावा असं वाटलं. उतरले नाही.

शेवटच्या पानावर नेहमीचा मजकूर असतो,
वरील नोंद अचूक आणि पूर्ण आहे.
अचूक आहे.
पेन बराच वेळ हातात धरलं,
मग सही केली.